आमच्याकडं एक कुत्रं व्हतं

मराठी समीक्षेने लावणीची दखल घेतली, पोवाड्याची घेतली, ओवी तर डोक्यावर घेतली. उखाणे, म्हणी, कहाण्या यांचे संग्रह झाले आणि संग्रहांवर प्रबंध झाले. पण आमच्या बिदर-कलबुर्गीकडच्या पारावर, तुरीच्या राशीपाशी, एस.टी.ची वाट पाहत बसलेल्या माणसांत जो वाङ्मयप्रकार हमखास ऐकू येतो त्याच्याकडे कुणा समीक्षकाने वळून पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. तो म्हणजे कुत्र्याची थाप. आपल्या कुत्र्याविषयी धन्याने मारलेली, लोणकढी, चारचौघांत सांगण्याजोगी थाप. मराठीत तिला बात म्हणतात, दख्खनीत फेकणे म्हणतात, कन्नडमध्ये बुरुडे म्हणतात. एकाच पारावर तिन्ही शब्द चालतात आणि तिघांनाही कळतात. गेली कित्येक वर्षे मी या थापा ऐकत आलो आहे. कुत्रे पाळणारा म्हणून नव्हे, ऐकणारा म्हणून. त्यांतली चांगली कोणती, वाईट कोणती, आणि ती तशी का, एवढेच इथे तपासायचे आहे.

या प्रकाराची सुरुवात ठरलेली आहे : ‘आमच्याकडं एक कुत्रं व्हतं बगा.’ कीर्तनात जसा अभंग आधी येतो तशी ही ओळ आधी येते. तिच्यातले ‘व्हतं’ फार महत्त्वाचे. थापेतले कुत्रे नेहमी मेलेले असते. सांगणाऱ्याच्या बाजेखाली या क्षणी जे कुत्रे गोचीड खाजवत पडलेले असते ते थापेच्या उपयोगाचे नाही, कारण त्याला सगळ्यांनी पाहिलेले आहे. भाकरीचा तुकडा समोर टाकला तरी जे डोळा उघडत नाही ते कुत्रे लांडग्याशी भिडले असे सांगणार कसे? म्हणून त्याच्या आईला, नाहीतर आजोबाला पुढे आणावे लागते. साक्षीदारही असाच निवडलेला असतो. तो एकतर वारलेला असतो, नाहीतर पुण्याकडे कंपनीत लागलेला असतो. मात्र बाकीचा तपशील अगदी तंतोतंत हवा. लांडगा कुठल्या ओढ्याच्या कुठल्या वळणावर आला, त्या वर्षी तुरीला भाव काय होता, धन्याच्या पायात चप्पल होती की नव्हती, हे सगळे चोख. सगळे खरे सांगून फक्त कुत्रे खोटे सांगायचे, ही या प्रकारातली खरी कारागिरी.

पहिली अतिशयोक्ती तर बारशालाच होते. कुत्र्याला आपण ‘वाघ्या’ म्हणतो. भाकरीवर जगणाऱ्या, मांजर फिस्कारले की दोन पावले मागे सरणाऱ्या जनावराला वाघाचे नाव देऊन आपण मोकळे होतो आणि त्यात काही फुगवून सांगितले असे कुणालाच वाटत नाही. ही खोड जुनी आहे. वाल्मीकि रामायणाच्या अयोध्याकांडात भरत आजोळाहून निघतो तेव्हा केकयराज त्याला इतर देणग्यांबरोबर राजवाड्यात वाढवलेले कुत्रे देतो, आणि त्यांचे बळ वाघासारखे असल्याचे सांगायला कवी विसरत नाही. पुढे इ.स.पूर्व ३२६ च्या सुमारास त्याच पंजाबच्या बाजूला अलेक्झांडर आला, तेव्हा सोपिथीस नावाच्या राजाने त्याला दीडशे कुत्रे भेट दिले. त्यांच्यात वाघाचे रक्त आहे असे सांगण्यात आले, अशी नोंद ग्रीक इतिहासकार डायोडोरसने केली आहे.

ही नोंद वाचताना मला तर आमच्या हुमनाबादच्या बाजारातला एखादा धनगर दिसू लागतो. सोपिथीसने परीक्षेसाठी सिंह सोडला आणि त्याच्यावर आधी दोन कुत्रे घातले. तेही मुद्दाम कमी प्रतीचे! ते हटू लागल्यावर आणखी दोन. चौघांनी सिंहाला दाबला. मग एका माणसाने सुरी घेऊन एका कुत्र्याचा पाय कापायला घेतला. अलेक्झांडर ओरडला, तेव्हा राजा म्हणाला की याच्या बदल्यात तीन देतो. पाय तुटला, कुत्र्याने आवाज काढला नाही, पकड सोडली नाही, आणि रक्त जाऊन ते मेले. या हकीकतीत खरे किती हे आता कोण सांगणार? पण तिची बांधणी पाहा. कमी प्रतीचे आधी पुढे करणे, पाहुण्याचा जीव वरखाली होऊ देणे, आणि ‘असली आमच्याकडे पुष्कळ’ हे आडून सुचवणे. कुत्र्याच्या थापेची सगळी तंत्रे इथे तयार आहेत. आणि सगळ्यांत मोठे तंत्र असे, की कुत्र्याचा जीव जातो आणि नाव राजाचे होते. हे तंत्र ध्यानात ठेवू या. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता पारावरचे दोन-तीन नमुने. एकाने सांगितलेली गोष्ट अशी : त्याच्या आजोबांच्या वेळी तुरीच्या फडात चोर शिरला. कुत्र्याने त्याच्या धोतराचा सोगा धरला. चावले नाही, भुंकले नाही, नुसते धरून बसले. चोरही बसला. रात्र सरली. उजाडताना आजोबा गेले तर दोघे शेजारी शेजारी बसलेले, आणि कुत्र्यासाठी ठेवलेल्या भाकरीतली अर्धी चोराच्या हातात! मला ही थाप फार आवडते. कुत्र्याचे इमान सांगता सांगता ती कुत्र्याची माणुसकी सांगून जाते, आणि चोर उपाशी होता हेही न बोलता कळते. दुसरी गोष्ट मेंढरांची. मेंढरे मोजणारे कुत्रे. संध्याकाळी एक कोकरू कमी भरले, तर ते एकटे हुमनाबादच्या बाजारात परत गेले आणि कोकरू घेऊन आले. इथपर्यंत ठीक. पण सांगणारा पुढे म्हणाला, की कोकराच्या गळ्यात व्यापाऱ्याची पावतीही होती. ही पावती म्हणजे हाव. ऐकणारे मान डोलावत होते ते या शब्दासरशी हसू लागले, आणि ते गोष्टीला नव्हे, सांगणाऱ्याला हसत होते. अतिशयोक्तीला मर्यादा नसते असे आपण समजतो, पण तिच्याइतकी काटेकोर मर्यादा वास्तववादी कादंबरीलाही नसेल. श्रोता जितके द्यायला तयार आहे त्याहून एक पैसा जास्त मागितला की व्यवहार फिसकटतो.

तिसरी गोष्ट आमच्याच भागात सुचू शकते. ती समजायला थोडा इतिहास सांगायला हवा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी आमचा बिदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते तिकडे मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इकडे म्हैसूर राज्यात राहिले. सोयरिकी तिकडे, शेते इकडे, असे बऱ्याच घरांत झाले. तर औरादकडच्या एका म्हाताऱ्याने सांगितले, की त्यांचे कुत्रे दर आठवड्याला बैलगाडीमागून उदगीरच्या बाजाराला जायचे. छपन्न साली हद्द पडली, त्या आठवड्यापासून ते ओढ्यापर्यंत यायचे, ओढ्याच्या अलीकडे बसायचे, आणि गाडी परत आली की उठून शेपूट हलवायचे. पलीकडे पाऊल नाही! यावर बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, ‘मामा, मग तुमचं कुत्रं सरकारी व्हतं म्हना की.’ म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, ‘सरकारी न्हाई बाबा. त्याला आमच्याआधी कळलं, येवढंच.’

सीमाप्रश्नावर मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत, ठराव वाचले आहेत, या अंकाच्या पानांवरही ते वाचले आहेत. त्या म्हाताऱ्याच्या शेवटच्या वाक्याइतके मला त्यांतले फारसे काही आठवत नाही. हीच गोष्ट नंतर मी दुसऱ्या तोंडून ऐकली. त्या आवृत्तीत कुत्रे हद्द ओलांडून दिमाखात पलीकडे जाते आणि नाक्यावरचे पोलीस त्याला सलाम ठोकतात. सांगणारा खुलून सांगत होता, लोकही खूष होते. पण ती केवळ फुशारकी होती. पहिल्या आवृत्तीत सांगणारा स्वतः काहीतरी गमावून बसला आहे. दुसरीत त्याला फक्त जिंकायचे आहे. थाप आणि गोष्ट यांच्यातला फरक मला या दोन कुत्र्यांनी शिकवला.

आपल्या छापील साहित्यात हा प्रकार आला नाही असे नाही, पण आला तो निराळ्या कोनातून. पु. ल. देशपांडे यांचे ‘पाळीव प्राणी’ सर्वांना ठाऊक आहे. त्यात कुत्रे पाळणाऱ्यांची जी खिल्ली आहे ती कुत्रे न पाळणाऱ्याने उडवलेली आहे. सांगणारा तिथे पाहुणा आहे, आणि पाहुण्याला यजमानाचे कुत्रे व यजमानाचे कौतुक ही दोन्ही संकटे एकदमच सोसावी लागतात. शहरी विनोदाला हा कोन सोयीचा, आणि पुलंनी तो अजोडपणे वापरला. पण पारावर पाहुणा कुणी नसतो. ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कुत्रे असते, आणि माझी गोष्ट संपली की त्याची सुरू होणार असते. त्यामुळे कुणी कुणाला खोटे पाडत नाही. उलट पुढच्याने वरचढ सांगायचे असते. द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीची मंडळी या बाबतीत आमच्या अधिक जवळची. नाना चेंगट आणि त्याचे सोबती एकमेकांच्या बाता ओळखून असतात आणि तरी ऐकतात. मिरासदारांना कळले होते ते हे, की थाप ही एकट्याची नसते. ती ऐकून घेणाऱ्याचीही असते. युरोपात बॅरन मुंचहाउझेनच्या नावावर खपलेल्या थापांत एक शिकारी कुत्री आहे. ती इतकी धावली की पाय झिजून आखूड झाले. गंमत आहे, पण बॅरन एकटाच बोलतो. त्याच्या शेजारी ‘मग तुमचं कुत्रं सरकारी व्हतं’ म्हणणारा कुणी बसलेला नाही. त्यामुळे थोड्या वेळाने कंटाळा येतो.

एक गोष्ट मात्र पारावरही कुणी सांगत नाही. पिसाळलेले कुत्रे ‘आमच्याकडं’ कधीच नसते. ते नेहमी खालच्या आळीचे, नाहीतर शेजारच्या गावचे असते. पोर चावले, पोटात सुया घ्याव्या लागल्या, कुणी त्यातच गेले, हे ज्या गावात घडले त्याच गावात या थापा चालतात. तरी सांगणाऱ्याचे कुत्रे आयुष्यात चोराशिवाय कुणाला चावलेले नसते. या वाङ्मयप्रकाराची स्तुती करताना त्याचे हे मौनही मोजायला हवे.

आता थोडे राजेरजवाड्यांकडे, कारण या भागात कुत्र्याच्या गोष्टीने राजधानी हलली आहे. अहमदशाह बहमनी (राज्यकाल १४२२ ते १४३६) गुलबर्ग्याहून, म्हणजे आताच्या कलबुर्गीहून, राजधानी बिदरला घेऊन आला. का आणली याची कारणे इतिहासकार देतात : हवा, पाणी, उंचवट्याची जागा, दरबारातले हेवेदावे. बिदरची माणसे मात्र कोल्ह्याची गोष्ट सांगतात. सुलतान शिकारीला आला, कुत्रे कोल्ह्याच्या मागे लागले, आणि कोल्हा उलटून कुत्र्यांवरच धावून गेला. ज्या मातीत कोल्ह्याला एवढी हिंमत येते तिथेच राजधानी हवी, असे सुलतान म्हणाला. हीच गोष्ट ससा घालून विजयनगरच्या स्थापनेविषयी सांगतात; १५३५ च्या सुमारास पोर्तुगीज नूनिशने ती लिहून ठेवली. गुजरातेत अहमदाबादविषयीही ससाच आहे. तेव्हा गोष्ट फिरती आहे, बिदरची स्वतःची नव्हे. पण कुत्र्याच्या थापांच्या संदर्भात तिच्याकडे पाहिले की एक मौज दिसते. इथे धनी आपल्या कुत्र्यांचा पराभव सांगतो! सुलतानाची कुत्री, म्हणजे त्या काळची उत्तम कुत्री, कोल्ह्याला भ्याली. असे कबूल करायला माणूस मोठा लागतो, असे वाटेल. तसे नाही. ज्याला आता जमीनच आपली म्हणायची आहे त्याला कुत्र्याची फुशारकी नको असते. कोल्हाही त्याचाच होणार असतो. कुत्रे हरले तरी धन्याची उंची वाढलीच. सोपिथीसचे तंत्र उलटे फिरवले, एवढेच.

याच भागातले दुसरे राजे याहून कोरडे निघाले. कल्याणीचा, म्हणजे आमच्या बसवकल्याणचा, चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. मराठी माणूस तो ओव्यांच्या उल्लेखासाठी आठवतो. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये ‘सारमेयविनोद’ असे कुत्र्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे : कोणत्या प्रदेशातले कुत्रे कसे, शिकारीत त्यांना कसे वापरावे. राजाच्या पदरी शेकडो कुत्री असतील, पण ‘आमच्याकडे एक होते’ अशी गोष्ट तो सांगत बसत नाही. माहिती देणाऱ्याला थाप लागत नाही, आणि थाप मारणाऱ्याला माहितीचा नुसता मुलामा पुरतो.

त्याहून मोलाचा दाखला दगडावर आहे. दगड आमच्या जिल्ह्यातला नाही, मंड्याजवळच्या आतकूरचा आहे आणि आता बेंगळूरच्या संग्रहालयात आहे. पण ज्या सम्राटाच्या काळात तो कोरला तो राष्ट्रकूट तिसरा कृष्ण कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडहून राज्य करत होता. तक्कोलमच्या लढाईत चोळ राजपुत्र पडला. त्या लढाईत पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराला गंग राजा बूतुग म्हणाला, माग काय हवे ते. त्याने मागितले राजाचे कुत्रे. त्याचे नाव काळी. पुढे एका मोठ्या रानडुकराशी काळी झुंजली आणि डुक्कर व कुत्रे दोन्ही मेली. तिच्यासाठी देवळापुढे दगड उभा केला, जमीन लावून दिली, आणि त्या दगडाची पूजा केल्याशिवाय गोरवाने जेवू नये असे बंधन घातले. हे साल शके ८७२, म्हणजे इ.स. ९४९-५०.

या लेखात विशेषणांची खैरात नाही. काळी डुकराला कशी भिडली, किती वेळ झुंजली, धन्यासाठी डोळ्यांत पाणी आणून पाहिले का, काही नाही. दोघे मेले, दगड लावला. ज्याने राजाकडे गाव मागायचे सोडून कुत्रे मागितले त्याला ते किती प्रिय असेल हे वेगळे सांगावे लागत नाही, हे त्या अनाम लेखकाला कळत होते. कुत्र्यावर एवढे प्रेम आणि एवढे कमी शब्द, हा योग मला इतरत्र आढळलेला नाही.

आणि आता रायगड. हा विषय नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या चितेत त्यांच्या वाघ्या कुत्र्याने उडी घेतली अशी कथा सांगतात. महाराजांचे निधन १६८० चे. समकालीन साधनांत हा प्रसंग मिळत नाही, असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाने वाघ्याला मराठी मनात जागा करून दिली, आणि १९३६ साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या साहाय्याने गडावर स्मारक उभे राहिले. ऑगस्ट २०१२ मध्ये काही कार्यकर्त्यांनी तो पुतळा काढला. तो पुन्हा बसवण्यात आला. २०२५ मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली आणि पुन्हा दोन तट पडले.

राजकारणाशी मला इथे कर्तव्य नाही. मी गोष्टीची जात पाहतो आहे. पारावर हीच गोष्ट कुणी सांगितली असती तर दुसऱ्याने तिच्यावर ताण केली असती, तिसरा हसला असता, आणि गोष्ट हवेत राहिली असती. हवेत राहणे हा तिचा धर्म. दगडात गेल्यावर मात्र तिला पुरावा मागितला जातो, आणि पुरावा हा थापेचा मृत्यू. आतकूरचा दगड घटनेच्या जवळच्या माणसांनी लावला, म्हणून त्याला थोडे बोलून भागले. रायगडावरचा चौथरा अडीचशे वर्षांनी आला, म्हणून त्याला उंच व्हावे लागले. पुतळा ठेवावा की काढावा हे ज्यांचे त्यांनी ठरवावे. पण त्या कुत्र्याला स्वतःचे असे काहीच नाही, ते केवळ धन्याच्या मोठेपणाची साक्ष द्यायला उभे आहे, आणि ज्या धन्याला अशा साक्षीची मुळीच गरज नव्हती त्याच्यासाठी उभे आहे, हे वाङ्मयाच्या दृष्टीने मला खटकते. वेल्समध्ये बेडगेलर्ट गावी अशीच एका इमानी कुत्र्याची कबर दाखवतात. ती अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या खानावळवाल्याने प्रवासी यावेत म्हणून सजवली असे मानतात. तिथे निदान कुणाचे डोके फुटत नाही. लोक कबर पाहतात आणि चहा पितात.

आमच्याकडे कुत्र्याशी नाते सांगण्याची आणखी एक रीत आहे, आणि तिच्यात थाप अजिबात नाही. बिदरजवळ खानापूरला मैलार मल्लण्णाचे ठाणे आहे. आपण ज्याला खंडोबा म्हणतो त्याचेच हे रूप. रा. चिं. ढेरे आणि गुंथर सोनथायमर यांनी या देवाच्या मराठी-कन्नड मुळांचा शोध घेतला तो अभ्यासूंना माहीत आहे. या देवाचे वाघ्ये आणि कन्नडमधले गोरव देवापुढे कुत्रे होतात. भुंकतात, जमिनीवरच्या पात्राला तोंड लावून खातात, घासासाठी एकमेकांवर गुरगुरतात. नाव वाघाचे, भंडाराची पिशवी वाघाच्या कातड्याची, आणि वागणे कुत्र्याचे! गावात आपण कुत्र्याला वाघ म्हणून मोठे करतो. इथे वाघ म्हणवणारा माणूस कुत्रा होऊन लहान होतो. गाणगापुरात आणखी वेगळे. भीमा-अमरजेच्या त्या क्षेत्रात दत्तापायीची चार कुत्री म्हणजे चार वेद असे मानतात, आणि दत्त कुत्र्याच्या रूपाने भिक्षेला येईल म्हणून माधुकरीच्या वेळी दारातले कुत्रे हाकलत नाहीत. कुत्र्याला वेद म्हणणे ही केवढी मोठी अतिशयोक्ती, पण तिला कुणी थाप म्हणत नाही, कारण त्या कुत्र्यांना मालकच नाही. ‘आमच्याकडं’ हा शब्द गळाला की थापही गळते.

मधल्या काळात कुत्र्यांना कागदपत्रेही मिळाली. मुधोळचा कुत्रा, ज्याला आपण कारवानी म्हणतो, २००५ साली टपाल तिकिटावर आला. २०१६ मध्ये तो मीरतच्या लष्करी केंद्रात शिक्षणाला गेला. मुधोळजवळ तिम्मापूरला त्याच्या पैदाशीचे जे केंद्र आहे ते ज्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे आहे, त्याचे मुख्य ठिकाण आमच्या बिदरलाच. तिथे कुत्र्याची उंची खांद्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजतात. पारावर ती हात छातीशी धरून दाखवतात, आणि रात्र चढेल तसा हात वर सरकतो. दोन्ही मोजमापे आपापल्या जागी ठीक आहेत. मात्र कागद असलेल्या कुत्र्याचा धनी पारावर आला की मैफल बिघडते. त्याला वंशावळ ठाऊक असते, गोष्ट ठाऊक नसते.

सगळ्यांत शेवटी जी ठेवली आहे ती गोष्ट तांड्यावरची आहे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत लमाणांचे तांडे पुष्कळ. त्यांची ही गोष्ट देशभर पसरलेली आहे. छत्तीसगडात बालोदकडे तिच्या नावाने ‘कुकुरदेवा’चे देऊळही आहे. बंजाऱ्याला पैशाची अडचण आली. गहाण टाकायला कुत्र्याशिवाय काही नव्हते, म्हणून ते त्याने सावकाराकडे गहाण ठेवले. सावकाराकडे चोरी झाली. चोरांनी माल तळ्यात लपवला, आणि कुत्र्याने सावकाराला नेऊन जागा दाखवली. सावकार खूष झाला. कर्ज फिटले, कुत्रे मोकळे, अशी चिठ्ठी त्याच्या गळ्यात बांधून त्याने ते घरी पाठवले. बंजाऱ्याने लांबून पाहिले : कुत्रे गहाण मोडून पळून आले, माझा शब्द बुडवला. त्याने काठी घातली. चिठ्ठी नंतर दिसली.

पंचतंत्रातल्या मुंगसाची ही बहीण आहे हे कुणालाही कळेल. पण एक फरक आहे. मुंगूस मारले जाते ते पोराच्या मायेने, घाईने. इथे कुत्रे मारले जाते ते शब्दासाठी. सावकारापुढे ज्याची पत म्हणजे फक्त त्याचा शब्द, त्या माणसाच्या हातून मारले जाते. मी ऐकलेल्या कुत्र्यांच्या गोष्टींत धनी असा खाली येतो ती ही एकच, आणि ती धनीच सांगतो. ‘आमच्या माणसानं मारलं’ असे सांगतो. राजांनी सांगितलेल्या गोष्टींत कुत्रे मेले की राजा मोठा झाला, इथे कुत्रे मेले आणि त्या मरणातून धन्याला काहीच मिळाले नाही. माझ्या मते या प्रकारातली ही सर्वांत मोठी रचना आहे, आणि ती एखाद्या पाठ्यपुस्तकात ‘बोधकथा’ म्हणून न जाता तांड्यावरच राहिली तर बरे.

आळंदकडच्या एका तांड्यावर मी ती ऐकली तेव्हा शेवट थोडा निराळा होता. बंजाऱ्याला वाचता येत नव्हते. कुत्रे मारल्यावर गळ्यातला कागद त्याने सोडून घेतला. सावकाराने नवे काही लिहून पाठवले असेल, व्याज वाढवले असेल, असे त्याला वाटले. तो कागद घेऊन तो गावात गेला. पहिला माणूस भेटला त्याला वाचता येत नव्हते, दुसऱ्यालाही नाही. देवळापाशी एक जण भेटला, त्याने कागद उलगडला आणि मोठ्याने वाचायला लागला. सांगणाऱ्या आजीने कागदात काय होते ते सांगितले नाही. ती इथेच थांबली आणि सुनेला म्हणाली, चूल बघ, दूध उतू जाईल.